हात हलवू नका

आमच्या घरात कुणालाच एका जागी बसता येत नाही. वडील होते तोवर जेवतानाही एक पाय उभा ठेवून बसायचे, म्हणजे उठताना वेळ जायला नको. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. तिथं मला खुर्ची आहे, पण तिच्यावर माझ्यापेक्षा माझा डबाच जास्त बसतो. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा गिअर बदलता. पण या सगळ्यांवर कडी माझ्या आईची. सत्तरी ओलांडली तरी ती दिवसाउजेडी आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती. दिवसा अंथरुणाला पाठ लावणारं माणूस एकतर बाळंतीण असतं नाहीतर आजारी, अशी तिची पक्की समजूत. आणि या बाईला गेल्या हिवाळ्यात कुणीतरी सांगितलं की वीस-पंचवीस मिनिटं पडून राहा आणि बोटसुद्धा हलवू नका.

आई चाकणच्या पलीकडं आमच्या गावात राहते. शेताचा निम्मा तुकडा एका गोदामाच्या कुंपणाआड गेला, उरलेल्यात चुलत भाऊ भाजीपाला करतो. आईकडं स्लॅबच्या दोन खोल्या, मागं पत्र्याचा गोठा आणि एक म्हैस. पूर्वी तीन होत्या. मी रावेतला नवव्या मजल्यावर. वडील गेले तेव्हापासून तिनं आमच्याकडं राहायला यावं म्हणून मी तिच्या मागं लागलो होतो आणि ती दर वेळी म्हशीचं कारण पुढं करत होती. म्हैस गाभण आहे. म्हैस नुकती व्याली आहे. म्हैस आटली की बघू. सहा वर्षं ती म्हैस या तीनपैकी कुठल्या ना कुठल्या अवस्थेत होतीच.

शेवटी त्या म्हशीनंच तिचा हात मोडला. पाण्यावरून आणताना शेजारच्या रस्त्यानं जाणाऱ्या कंटेनरनं हॉर्न मारला, म्हैस बुजली, दाव्याला हिसका बसला आणि आईचं डावं मनगट गेलं. ती पडली नाही, कशावर आपटली नाही. नुसता हिसका. चाकणच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, एवढ्यानं हाड मोडायला नको होतं, हाडं ठिसूळ झाली आहेत का ते तपासून घ्या. भोसरीत जाऊन हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली. रिपोर्ट आला की घनता थोडी कमी आहे, पण वयाच्या मानानं फार वाईट नाही. आईनं त्यातले 'वाईट नाही' एवढे दोनच शब्द उचलले आणि प्लास्टर निघाल्यावर तिसऱ्या दिवशी धार काढायला बसली.

मला मात्र त्या कागदावर काही भरवसा वाटेना, आणि त्याला माझं काम कारण आहे. आम्ही गाड्यांच्या गिअरबॉक्सची ॲल्युमिनियमची कवचं ओततो. एखादा पीस येतो, वजन बरोबर, मापं बरोबर, दिसायला एकदम चकचकीत. आणि एक्स-रेखाली धरला की पोटात बारीक बारीक पोकळ्या. नुसतं वजन बघून मी असला पीस पास केला तर मला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतील. मग वजन ठीक आहे म्हणून आईला कसं पास करायचं? मी हे चाकणच्या डॉक्टरांना दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी पिंपरीकडच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून दिलं. मला वाटतं, मला टाळण्यासाठीच दिलं असावं.

या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, फार सावकाश बोलणाऱ्या. सावकाश बोलणारी माणसं मला सोसत नाहीत. पुढचं वाक्य येईपर्यंत मी मनात दोन कामं उरकतो. पण माझा पीसचा दाखला ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या की अगदी तेच. डेक्सा सांगते हाड किती आहे. ते आतून विणलंय कसं, हे ती सांगत नाही. हाडाच्या आत बारीक पट्ट्यांचं आणि काड्यांचं जाळं असतं, ताकद त्या जाळ्यात असते. एकसारखी घनता असलेल्या दोन बायकांपैकी एकीचं जाळं शाबूत असतं, दुसरीचं तुटलेलं. एमआरआयमध्ये किरण नसतात, मोठा चुंबक असतो, आणि मनगटाचा फोटो पुरेसा बारीक काढला तर ते जाळं दिसतं. ही तपासणी अजून रोजच्या उपचारात आलेली नाही, त्यांच्या रुग्णालयात काही रुग्णांवर अभ्यास म्हणून चालू होती. आई तयार असेल तर तिचं उजवं, न मोडलेलं मनगट घेऊ, असं त्यांनी सुचवलं. मी आईला न विचारता हो म्हणून टाकलं.

परत जाताना मोशीपाशी गाड्यांची रांग लागली होती. मी हॉर्नवर हात ठेवून बसलो होतो, आई शेजारी पिशवी मांडीवर घेऊन. ती म्हणाली, "फोटू चांगला आला तर मी गावातच ऱ्हानार. पुन्यांदा हा विषय काडायचा न्हाई. वाईट आला तर तू म्हनशील तिथं येईन."

मी लगेच कबूल केलं. आईनं एकदा म्हटलं की ते झालं, तिला शपथा लागत नाहीत.

आणि त्या क्षणापासून फोटो वाईट यावा असं मला वाटू लागलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मुलानं आईच्या हाडांबद्दल असं वाटून घ्यावं का? घेऊ नये. पण कंपनीत असताना गावचा नंबर फोनवर दिसला की मी तो उचलायच्या आधीच चालायला लागायचो. चुलत भावानं नुसतं कांद्याचा भाव विचारायला फोन केला तरी माझं फिरणं तासभर थांबायचं नाही. म्हैस, ओला गोठा, दोन पायऱ्या, रस्त्यावरचे कंटेनर, हे सगळं माझ्या डोक्यात आळीपाळीनं शिफ्ट करत होतं. एकदा वाईट रिपोर्ट हातात आला की हे सगळं थांबेल, असं मी धरून चाललो होतो.

तपासणीची वेळ चारची होती. पण तातडीचा रुग्ण आला आणि आमचा नंबर सव्वापाचला लागला. तोवर मी त्या रुग्णालयाच्या बाहेरच्या व्हरांड्यात किती येरझाऱ्या घातल्या असतील कोण जाणे. यंत्र चालवणाऱ्या ताईंनी आईच्या पदराची पिन, अंबाड्यातले आकडे आणि गळ्यातला चांदीचा ताईत काढून एका पुडीत बांधून माझ्याकडं दिले. मी म्हटलं, मी पण आत येतो, ती घाबरेल. तेव्हा त्यांनी मला विचारलं, तुम्ही कधी लोखंड घासायचं काम केलंय का, डोळ्यात कधी किस गेलाय का. मला हसू आलं. आमच्या पट्ट्यात कुणाच्या डोळ्यात गेला नाही? मी नोकरीला लागलो तेव्हा दोन वर्षं ग्राइंडिंगवरच होतो. डोळ्यात किस गेला की शेजारचा रुमालाच्या टोकानं काढायचा आणि आपण परत मशीनवर. हे कुणी लिहून ठेवत नाही आणि दुखणं म्हणून कुणी मोजतही नाही. मी तसं सांगितलं तर ताई हसल्या नाहीत. आत चुंबक आहे, म्हणाल्या, डोळ्यात कण राहिला असेल तर तो हलेल. डोळ्यांचा एक्स-रे केल्याशिवाय त्या मला उंबऱ्याच्या आत घ्यायला तयार नव्हत्या. म्हणून मी काचेच्या अलीकडं आणि आई पलीकडं.

त्यांनी तिचा उजवा हात एका खोबणीत ठेवून भोवती स्पंज भरले, कानात बोळे घातले आणि पाट आत सरकवला. मग माइकवरून म्हणाल्या, "आजी, आता हात हलवू नका."

यंत्राची ठकठक सुरू झाली. मला ती आमच्या प्रेस शॉपमधल्या ठोक्यांसारखी वाटली. पाच-सात मिनिटांनी ताईंनी पडद्याकडं बघून मान हलवली. फोटो फिसकटला होता. जाळं फार बारीक असतं, केसभर हललं तरी सगळं पुसट होतं, म्हणाल्या. पुन्हा सूचना, पुन्हा ठकठक, पुन्हा पुसट. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बोलावून कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा हात दाखवला. खोबणीच्या बाहेर आलेली बोटं एकामागोमाग मिटत होती, अंगठ्याजवळच्या बोटापासून करंगळीपर्यंत, मग उघडत होती, परत मिटत होती. मी घड्याळ बघितलं. साडेपाच होऊन गेले होते. मी ताईंना सांगितलं की ही धारेची वेळ आहे, ती बोटं आता कुणाचं ऐकायची नाहीत. त्यांना ते पटलं की गंमत वाटली, कळलं नाही, पण त्यांनी पुढच्या आठवड्यातली भर दुपारची वेळ दिली. घरी बायकोला सांगितलं तर तीही हसली. आमच्याकडं आठवडाभर तोच विषय होता.

मी तेवढं हसत नव्हतो. आठवडाभर मला काही सुचेना. कंपनीत एकच पीस तीनदा तपासला, एकदा तपासायचाच विसरलो. शिफ्ट बदलून घेतली, ती बदलून घेतल्याचं विसरून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. हवं ते वाईट उत्तर मिळायला आणखी सात दिवस होते आणि तेवढ्यात म्हशीनं पुन्हा हिसका दिला तर?

दुसऱ्या वेळी साडेबारालाच नंबर लागला. पाट आत सरकत होता तेव्हा मी काचेमागं इकडून तिकडं फिरत होतो. ताई शेवटी म्हणाल्या, "काका, जरा बसता का? तुमच्याकडं बघून मलाच धडधडायला लागलंय." मी बसलो, पुन्हा उठलो. आई मात्र दगडासारखी पडून होती. सगळी ठकठक संपेपर्यंत तिची करंगळीसुद्धा हलली नाही. इतका स्वच्छ फोटो तरुण माणसांचाही येत नाही, असं ताई म्हणाल्या. आईनं बाहेर येऊन अंबाड्यात आकडे खोचले आणि निघायचं का म्हणून विचारलं.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक आईच्याच वयाच्या कुणा बाईचा, एक आईचा. यात मज्जा, म्हणजे हाडातला मऊ गर, पांढरी दिसते आणि हाड काळं. त्या दुसऱ्या बाईच्या मनगटात काळ्या धाग्यांचं दाट जाळं होतं. आईच्या मनगटात धागे होते, पण मध्येच तुटलेले, टोकं लोंबकळणारी, आणि मध्ये पांढऱ्या मोकळ्या जागा. कुणी काही बोलायच्या आधी आईच म्हणाली, "गोनपाट विरल्यावानी दिसतंय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो आजी, तसंच आहे. डेक्सावरून वाटलं त्यापेक्षा हाड आतून बरंच विरळ झालंय. त्यानंतर त्या खूप वेळ बोलल्या. इंजेक्शनचं, गोळ्यांचं, उन्हाचं, काय उचलायचं नाही, काय करायचं. एक मराठीत छापलेला कागदही दिला. मी 'विरळ' या शब्दापर्यंत ऐकलं. पुढचं ऐकताना माझ्या डोक्यात आईची खाट कुठल्या खोलीत टाकायची हे चाललं होतं. कागद फायलीत गेला आणि फाइल गाडीच्या मागच्या सीटवर.

आईनं शब्द पाळला. तीन दिवसांत म्हैस चुलत भावाच्या गोठ्यात गेली. आईनं जाताना तिला पिठाचा गोळा चारला, घराला कुलूप लावलं आणि गाडीत बसली. मागं वळून वगैरे बघितलं नाही. मला त्या वेळी हायसं वाटलं आणि मी गाडीत गाणी लावली.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडं एक्स-रेमध्ये पोटात पोकळी दिसली की त्या पीसला लाल टॅग लागतो आणि तो लाल पिंजऱ्यात जातो. पिंजऱ्याला कुलूप असतं. चुकून कुणी तो पीस उचलून गाडीत बसवू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्याच्यावर कुणी काम करत नाही, तो नुसता ठेवलेला असतो. वीस वर्षं मी हेच केलंय आणि खराब निघालेल्या वस्तूचं दुसरं काय करतात हे मला खरोखर माहीत नव्हतं. मी घरी कंपनीतली पिवळी-काळी पट्टी आणून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर, गॅलरीच्या कडेला आणि स्वयंपाकघराच्या दारात चिकटवली. बायको म्हणाली, आता हेल्मेटही आणा. मी आईला गॅलरीजवळ हात टेकायची खुर्ची दिली आणि सांगितलं की इथं बसायचं, लागलं काही तर हाक मारायची. बायकोनं तिला मेथीची जुडी निवडायला दिली तर मी ती काढून घेतली, वाकायला नको म्हणून. खाली बागेत त्यांना फेरी मारू द्या म्हणाली तर मी मोटरसायकली, कुत्री आणि ओल्या फरशा अशी यादी वाचली. बायकोनं मग बोलणं सोडलं. कंपनीतून मी दिवसातून चारदा फोन करायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, बसली आहे ना. बसलेली असायची. पहिले पंधरा दिवस मी इतका शांत झोपलो की बायको म्हणाली, पाय हलायचे थांबले तुमचे.

एक दिवस पहिली शिफ्ट करून साडेपाचच्या सुमारास घरी आलो. आई खुर्चीत बसून खालच्या मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत होती. दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटं आपली मिटत होती, उघडत होती, पहिल्यापासून करंगळीपर्यंत. मला त्या ताईंची आठवण झाली आणि गंमत सुचली. मी वाकून तिच्या हातांवर हात ठेवला आणि म्हणालो, "आजी, आता हात हलवू नका." ती माझ्याकडं बघून हसली आणि बोटं थांबली. त्यानंतर ती बोटं हललेली मला दिसली नाहीत.

महिन्याभरात तिला खुर्चीतून उठायला दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागू लागला. भाकरी अर्धीवर आली. बोलणं तर मोजकंच उरलं. वय झालं, असं मी बायकोला सांगत होतो.

तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी आईला हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. आईनं दोनदा प्रयत्न केला आणि परत बसली. पहिल्यांदा आली होती तेव्हा ती याच खुर्चीतून हात न टेकता उठली होती, ते त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यांनी विचारलं, दिवसभर काय करता आजी. आई म्हणाली, "बसते."

कुणी सांगितलं बसायला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातली फाइल घेतली, तो मराठी कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. कागदाला घडीसुद्धा पडलेली नव्हती. रोज चालणं, उन्हात, दोनदा. बसणं-उठणं. हाताच्या मुठीचे व्यायाम. हलकी कामं चालू ठेवावीत. हिसके आणि जड वजन टाळावं. सगळं तिथं छापलेलं होतं. मला वाटलं त्या रागावतील. त्या नेहमीसारख्याच सावकाश बोलल्या आणि त्या वेळी मी एकही शब्द गाळला नाही.

"हाड म्हणजे तुमच्या कंपनीतला पीस नाही. ते जिवंत असतं. रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधलं जातं. इंजेक्शन मोडणं कमी करतं. पण अंगावर भारच पडला नाही, तर बांधायचं कशासाठी हे त्या हाडाला कळत नाही."

मी विचारलं, म्हणजे तिला म्हैस सांभाळू द्यायची का. त्या म्हणाल्या, दावं तिच्या हातात नको, बादली नको, ओला गोठा नको. पण धार काढायला माझी काय हरकत असणार. उलट माझ्या व्यायामांपेक्षा धार आजी जास्त नेमानं काढतील.

गाडी काढली. रावेतकडं वळायचं तिथं मी वळलो नाही. नाशिक फाट्याचा पूल गेला, भोसरी गेली. मोशीला नेहमीसारखी रांग लागली तेव्हा तिनं विचारलं, कुठं निघालोय. मी म्हटलं, घरी. तिनं पिशवी मांडीवर नीट घेतली.

आई आता गावीच आहे. म्हशीचं दावं चुलत भाऊ धरतो, पाणी-वैरण भावजय बघते, गोठ्यात कोरडी खडी टाकून घेतली आहे. आई रोज सकाळी शाळेपर्यंत आणि परत चालते. इंजेक्शन चालू आहे. वर्षानं पुन्हा फोटो काढणार आहेत. माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. गावचा नंबर दिसला की मी अजूनही उचलायच्या आधीच चालायला लागतो आणि माझा पायही पुन्हा झोपेत हलायला लागलाय. ते आता असंच राहणार, एवढं मला कळलंय.

पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली. आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. चुलत भाऊ धार काढायच्याच तयारीत होता. आईनं त्याच्याकडून चरवी घेतली. त्यानं म्हशीला खांबाला आखूड बांधलं, खाली पाट ठेवला, आईला धरून बसवलं आणि वैरणीला गेला. म्हशीनं मान वळवून आईचा खांदा हुंगला. मी दाराशी इकडून तिकडं फिरत होतो. तीन महिने तिला बसवून ठेवल्याबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आई, मला फोटो वाईट यायला हवा होता."

ती म्हशीच्या आचळांवर पाणी मारत होती. म्हणाली, "ठावं हाय मला. म्हनून तर पयल्यांदा हात हालवला. आधी आपसूक हालला. मंग म्याच हालवला."

मी उभाच राहिलो. मी विचारलं, मग दुसऱ्यांदा का नाही हलवलास.

तिनं ओला हात पदराला पुसला. "आत सरकताना तुला बगितलं काचंमागं. सारखा फिरत व्हतास. आठ दिस तसाच व्हतास. म्हनलं, जाऊ दे. ह्याच्या मनासारखं झालं तर बसंल तरी एका जागी."

तिच्या पायांशी जावं म्हणून मी दोन पावलं आत टाकली, तशी म्हैस दचकून बाजूला सरली. आईनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता हलक्या आवाजात म्हणाली, "हालू नगंस. पान्हा चोरंल ती."

मी दाराशी पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसलो. पाय हलायला लागला तेव्हा दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. पहिली धार चरवीत वाजेपर्यंत मी हललो नाही.